ज्याची भाजी, तो पंगतीला

मंगळवारी पहाटे ते घरीच वारले. बस आली, गोण्या उतरल्या, ते उतरले नाहीत. कंडक्टरने दारातून आम्हाला सांगितलं, घंटी दिली आणि बस नाशिककडे निघून गेली.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर ते खूश झाले असते आणि हा कागद त्यांनी बसभर फिरवला असता. पण आमच्या शाळेत त्या नावाने त्यांना कोणी ओळखत नव्हतं. मुलांचे ते कंडक्टर आजोबा होते, शेतकऱ्यांचे मास्तर होते, आणि मी त्यांना काहीच म्हणत नसे. हाक मारायची वेळच येत नसे. त्याआधी त्यांचं बोलणं सुरू झालेलं असे.

त्यांची सगळी नोकरी एसटीत गेली. 'पुढं सरका, जागा हाय' हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की ते बसमध्ये नसतानाही निघायचं. लग्नात मांडवाच्या दाराशी उभे राहून ते म्हणायचे. बँकेच्या रांगेत म्हणायचे. एकदा दवाखान्यात सलाईन लावलेल्या मेहुण्याला बघायला गेले आणि खाटेच्या कडेला टेकता टेकता त्यालाही म्हणाले. मेहुणा सरकला, असं त्यांच्या पत्नीने मला सांगितलं. त्या आवाजापुढे कोणीही सरकत असे. तो आवाज मोठा नव्हता, पण पुढे खरोखरच जागा आहे अशी खात्री त्यात असायची.

दिंडोरी रोडवरच्या एका गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे मी मराठी शिकवते. नाशिकहून बसने जाते, बसने येते, आणि वाटेत वाचते. तुमच्यापैकी ज्यांना प्रवासात वाचायची सवय असेल त्यांना ठाऊक असेल, अशा माणसाचा स्टॉप नेहमी दुसऱ्या कोणाला तरी लक्षात ठेवावा लागतो. माझा त्यांनी ठेवला होता. फाटा जवळ आला की सीटच्या दांड्यावर तिकिटाच्या पंचने टकटक व्हायची. "बाई, मिटा पुस्तक. राहिलेलं जाताना." एकदा ते रजेवर होते आणि मी वाचत वाचत पार पुढच्या गावी जाऊन पोचले. दुसऱ्या दिवशी त्यांना हे कळलं तेव्हा ते खिन्न झाले. "म्हणजे आता मी रजा घ्यायची तर तुमच्यासाठी बदली माणूस ठेवायचा का?"

ते निवृत्त झाले. पंचवटीतल्या दोन खोल्यांत त्यांनी काही दिवस काढले. मग एका सकाळी ते बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर दिसले, प्रवासी म्हणून.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कुठं नाय. घरी बसून घंटी कोणाला देऊ? इतकी वर्षं तुम्हाला फाट्यावर उतरवलं. उतरून जाता कुठं ते बघावं म्हटलं."

ते खरोखरच माझ्यामागून शाळेत आले. दुपारी मुलांची जेवणाची सुट्टी झाली. ओसरीवर पंगत बसली होती, आणि आमच्या स्वयंपाकीण मीराताई खिचडी वाढत होत्या. खिचडीत बटाटा होता. त्यांनी पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चक्कर मारली, बसमध्ये तिकिटं तपासतात तशी, प्रत्येक ताटात वाकून बघत. मग खिडकीशी जाऊन उभे राहिले. शाळेच्या खिडकीतून कोबीचा मळा दिसतो, त्यापलीकडे टोमॅटो, आणि त्यापलीकडे द्राक्षांच्या बागा.

"बाई, खिडकीत कोबी आणि ताटात बटाटा? हे कसं काय?"

मी सांगितलं की बटाटा शहरातून किराण्याबरोबर येतो, टिकतो, रोज आणावा लागत नाही. शेतातला माल पहाटे बाजार समितीत जातो. थोडी थोडी भाजी रोज मळ्यामळ्यांतून गोळा करून शाळेत आणणार कोण?

"एवढंच ना? मी आणतो. जन्मभर माणसं आणली. भाजी तर भांडतबी नाय."

त्यांनी जी रीत बसवली ती अशी. सकाळी ते नाशिकहून पहिल्या बसने वर जायचे, शेवटच्या गावापर्यंत, आणि त्याच बसने परत फिरायचे. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर कोणीतरी शेतकरी उभा असे, हातात पिशवी नाहीतर छोटी गोणी घेऊन. कोणाची गिलकी, कोणाची मेथी, कोणाचं डांगर. ते दारातूनच पिशवी आत ओढत आणि उद्या काय आणायचं ते सांगत. बस चालू झाल्यावर पिशव्या प्रवाशांच्या मांडीवर वाटल्या जात, कारण खाली ठेवलं तर भाजी तुडवली जाते असं त्यांचं म्हणणं होतं. "ताई, जरा धरा. लेकरू समजा." शाळेच्या फाट्यावर बस थांबली की मोठ्या वर्गातली मुलं पिशव्या उतरवून घेत. भाव शाळेला जमेल तो, आणि कुरकुर कोणाचीच नाही. ज्याला मालाची गाडी भरायची आहे त्याला एक पिशवी जड नसते.

सामानाचं तिकीट मात्र ते काढायचेच. नवी कंडक्टर मुलं त्यांना ओळखत. "राहू द्या ना मास्तर, डांगराचं काय तिकीट काढायचं?" असं ती म्हणत. "जागा धरून बसलंय ना ते? मग काढ तिकीट," असं म्हणून ते पैसे पुढे करत.

घोटाळेही झाले. एका लग्नसराईत मेथीची पिशवी आणि एका बाईंची आहेराची पिशवी यांची अदलाबदल झाली. मीराताईंनी पिशवी उलटी केली तर त्यातून पैठणी निघाली. मेथी नाशिकला मंगल कार्यालयात पोचली होती. ते दुपारच्या बसने साडी घेऊन धावले आणि तिथूनच जेवून घरी गेले. "वरमाय रागावली होती," त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, "पण मेथी ठेवून घेतली."

त्यांच्या रीतीतला सगळ्यात वेगळा भाग पुढेच आहे. ज्याची भाजी, त्याने पंगतीला यायचं. महिन्यातून एकदा तरी यायचं, मुलांच्या शेजारी जमिनीवर बसायचं आणि आपण पिकवलेलं आपण खायचं. मी विचारलं, हे कशासाठी? शेतकऱ्यांना कामं असतात.

"गाडीत शेजारी कोण बसलंय ते कळलं की माणूस आपोआप पाय आखडून बसतो," ते म्हणाले. "नुसती भाजी पाठवणारा काय पण पाठवील."

पहिले आले ते दत्तूभाऊ. मोठे बागायतदार, बोलायला कमी. त्यांची काकडी होती. त्यांना तिसरीतल्या कावेरीशेजारी बसवलं. कावेरी ही आमच्या शाळेतली एक अशी मुलगी होती जिच्यापुढे मुख्याध्यापकही शर्टाची बटणं तपासून जात. तिने एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली आणि दत्तूभाऊंकडे वळून म्हणाली, "काका, तुमची काकडी कडू हाय."

"सगळी?"

"सगळी नाय. पण कोणती कडू निघल ते कळत नाय, म्हणून सगळीच खाऊशी वाटत नाय."

पुढच्या खेपेला दत्तूभाऊंची गोणी आली तर त्यातल्या प्रत्येक काकडीचं टोक कापलेलं होतं. त्यांनी पहाटे उठून एकेक चाखून बघितली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या काकड्या सुकून गेल्या, आणि मीराताईंनी त्यांची कोशिंबीर न करता भाजी केली. कावेरीने ती पुन्हा मागून घेतली. दत्तूभाऊंना ही बातमी सांगायला आमचे कंडक्टर आजोबा दुसऱ्या दिवशी त्यांच्या थांब्यावर बसमधून खाली उतरले, आणि ड्रायव्हरला हॉर्न वाजवावा लागला.

या माणसाला स्वतःला भाजी आवडत नसे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पिठलं, शेवभाजी आणि वडा, एवढ्यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. नोकरीत जेवण स्टँडवर व्हायचं आणि तिथे गिलकी कोण करतो? पंगतीत ते मुलांच्या ओळीत बसायचे, ताटावर चमच्याने दोनदा टकटक करायचे, म्हणजे डबल बेल, आणि मग मुलं जेवायला लागायची. एके दिवशी शेजारच्या मुलाने त्यांची भाकरी उचलून बघितली. खाली गिलक्यांचा ढीग होता.

"कंडक्टर आजोबा, ताटात टाकायचं नसतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक उघडलं. त्यांनी सगळी गिलकी खाल्ली, दर घासाला पाणी पीत, आणि सगळी पंगत हात थांबवून बघत राहिली. शेवटचा घास गेल्यावर टाळ्या पडल्या.

असं सगळं चाललेलं असताना वरून कळवण्यात आलं की शहराच्या जवळच्या शाळांना आता एका मोठ्या स्वयंपाकघरातून तयार जेवण येईल. डबे गाडीने येतील, वाढायचे आणि रिकामे परत द्यायचे. शाळेतली स्वयंपाकखोली बंद होईल. ज्या शाळांची स्वतःची व्यवस्था चांगली असेल त्यांचा विचार पाहणी करून होईल, असंही त्यात होतं.

मीराताईंनी हे ऐकलं आणि हातातलं पातेलं घासत राहिल्या. ते आधीच स्वच्छ होतं. त्यांचं घर त्या मानधनावर पुरेसं चालत नव्हतं, पण गावात त्यांची ओळख त्या पातेल्यावर होती. कोणाच्या मुलाला तिखट चालत नाही, कोण उपाशी येतो, कोणाला आमटी आधी आणि भात नंतर लागतो, हे त्यांना पाठ होतं.

"मीराताई, तुमचं पातेलं कोणी उचलत नाय," ते म्हणाले. "पाहणीला येऊ द्या. आपलं रोजचं जेवण दाखवू. आपल्याला काय लपवायचंय?"

पाहणीचा दिवस ठरला. वरच्या गावांना त्यांनीच बसमधून ओरडून कळवलं, आणि तिथेच चुकलं. 'साहेब जेवायला येणार' एवढंच थांब्याथांब्यावर ऐकू गेलं.

त्या सकाळी पहिल्या थांब्यावर दत्तूभाऊ उभे होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हात रिकामे.

"भाजी कुठाय?"

"आज कशाला भाजी? आज मी स्वतः येतोय."

पुढच्या थांब्यावर तेच. त्याच्या पुढच्या थांब्यावर तेच. दोघी बायका काठापदराची लुगडी नेसून चढल्या. गिलकीवाले, मेथीवाले, डांगरवाले, सगळे नटून, पावडर लावून बसमध्ये, आणि एकाकडेही पिशवी नाही. फाट्यावर बस थांबली तेव्हा तीस-चाळीस पाहुणे खाली उतरले आणि सगळ्यात शेवटी ते. त्यांचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"बाई, माणसं भरली आणि माल स्टँडवर राहिला."

शाळेत तर मांडव घातलेला होता. ग्रामपंचायतीने आचारी बोलावला होता. पुरी, शेवभाजी, मठ्ठा, जिलेबी. साहेबांना गिलकं कसं वाढायचं, असं सगळ्यांनी मिळून आदल्या दिवशी ठरवलं होतं. फक्त ते आम्हाला सांगायचं राहिलं होतं. मीराताई नव्या साडीत एका कोपऱ्यात उभ्या होत्या. स्वयंपाकखोली बंद होती.

साहेब म्हणजे एक मॅडम होत्या, मध्यम वयाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी मांडव बघितला, जिलेबीची परात बघितली आणि कावेरीला विचारलं, "हे रोज असतं का गं?"

"नाय मॅडम. रोज भाजी असते."

"कोणती?"

"आज नाय आली."

मॅडमनी अर्धी जिलेबी खाल्ली, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेल्या. मंडळी मात्र समाधानात होती. मॅडमनी जिलेबी खाल्ली म्हणजे काम झालं, असं दत्तूभाऊ आमच्या आजोबांना समजावत होते. आजोबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. कोणीतरी त्यांना पुरी वाढली. ती तशीच राहिली, आणि पुरी तर त्यांना आवडायची.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या कार्यालयात गेले. बाकावर बसून राहिले. आत बोलावणं आल्यावर काय बोलले ते त्यांनीच मला सांगितलं. "काल तुम्ही लग्नाला आलात. आता जेवायला या. सांगून येऊ नका."

"मला वेळ होईल का, सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"बस रोज असते," ते म्हणाले आणि उठून आले.

बरेच दिवस काहीच झालं नाही. मग श्रावणातल्या एका सकाळी नेहमीची बस फाट्यावर थांबली. गर्दी होती. खिडकीशी एक बाई बसल्या होत्या, धुळीसाठी बांधतात तसा स्कार्फ पूर्ण तोंडाला बांधलेला, आणि मांडीवर मेथीची ओली गोणी. त्यांच्या साडीवर चिखलाचा मोठा डाग पडला होता.

"ताई, उतरवा लेकरू," आमचे आजोबा म्हणाले आणि हात पुढे केला. त्या बाई गोणी न सोडता स्वतःच गोणीसकट उतरल्या. खाली आल्यावर त्यांनी स्कार्फ सोडला.

ते जागच्या जागी उभे राहिले. मॅडम मुद्दाम पहिल्या बसने वर गेल्या होत्या आणि त्यांच्याच बसने परत आल्या होत्या. दत्तूभाऊंच्या थांब्यापासून ती गोणी त्यांच्या मांडीवर होती, आणि वाटेत दोनदा 'पुढं सरका' ऐकून त्या दोनदा सरकल्या होत्या.

"माझ्याकडून गोणी धरून घेतलीत तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"तिचं तिकीट काढलंय मी," ते म्हणाले.

त्या दिवशी दत्तूभाऊंची पंगतीची पाळी होती. ते मोटारसायकलवर आले, मळ्यातल्याच कपड्यांत, पायाला माती. मॅडमना बघून परत वळायला लागले, पण तोवर कावेरीने त्यांच्यासाठी जागा धरली होती. मॅडम तिच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. श्लोक झाला, डबल बेल झाली.

कावेरीने दोन घास खाल्ले. "काका, मेथीत माती लागती."

"पाऊस झाला ना गं रात्री."

"मग धुऊन पाठवायची."

"धुतली तर सडती बाय. धुवायचं काम मीराताईचं."

स्वयंपाकखोलीतून मीराताईंचा आवाज आला, "तीन पाण्यांतून काढलीय मी. तुमच्या रानातली माती काय पाण्याला ऐकती का?"

"आमच्या मातीला नाव नाय ठेवायचं, मीराताई. तिच्यावर द्राक्षं परदेशात जात्यात."

"मग मातीबी तिकडंच पाठवा."

मुलं हसली. दत्तूभाऊ हसले नाहीत, त्यांनी भाजीचा घास पुन्हा तोंडात घातला, सावकाश चावला आणि कावेरीला म्हणाले, "लागती. खरं हाय. उद्यापासून मुळं छाटून देतो." कावेरीने मान डोलावली आणि त्यांच्या ताटातली लिंबाची फोड उचलून घेतली. तिला वाटलं, हिशेब झाला.

मॅडम एवढा वेळ जेवत होत्या. एकदा मीराताई वाढायला आल्या तेव्हा हात आडवा न धरता ताट पुढे केलं. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "असं भांडण डब्यात घालून पाठवता येणार नाही."

आमची स्वयंपाकखोली राहिली. ते कळलं त्या दिवशी मीराताईंनी पिठलं केलं, आजोबांच्या एकट्यासाठी. मुलांना दोडका होता. ते पिठलं खात होते आणि मुलं चिडून त्यांच्याकडे बघत होती.

त्यानंतरही काही वर्षं ते येत राहिले. शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर खोकला लागला होता. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पहाटेची बस बंद करायला सांगितलं होतं. "बस बंद करायला मी काय मंत्री आहे?" असं ते म्हणाले होते.

दहाव्या दिवसानंतर मी पंचवटीत काकूंना भेटायला गेले. दार उघडलं आणि मला आत जायला वाट दिसेना. दोन्ही खोल्यांत भाजी होती. वरच्या गावांतून येणारा प्रत्येक जण हातात पिशवी घेऊन आला होता. रिकाम्या हाताने यायचं कोणाला जमलंच नव्हतं. वांगी, कोबी, मटार, पालक, मुळे. पलंगाखाली डांगरं होती. त्यांच्या बिछान्यावर मेथीच्या जुड्या होत्या, मुळं छाटलेल्या.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. त्या रडता रडता हसल्या की हसता हसता रडल्या, मला सांगता येणार नाही.

"जन्मभर या माणसाने घरात एक भाजी खाल्ली नाही," त्या म्हणाल्या. "बघा आता. बाई, मी एकटी काय करू याचं? शाळेत न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातलं उचलेल तेवढं घेऊन स्टँडवर गेले. भाजी पहिल्यांदाच उलट्या बाजूने निघाली होती, शहरातून गावाकडे. सामानाचं तिकीट काढलं. पिशव्या प्रवाशांच्या मांडीवर ठेवायच्या होत्या, आणि अनोळखी माणसाशी बोलणं मला सहज येत नाही. शेजारच्या मुलीला म्हणाले, "जरा धरता का?" तिने धरली. मग तिच्या पुढच्याला विचारलं. पुस्तक पर्समध्येच राहिलं. काकूंच्या घरची भाजी संपायला आठवडा लागला.

आता त्यांच्या जागी एक माणूस नाही. वरच्या गावांनी पाळी लावली आहे. आठवडाभर एक जण बसमध्ये बसतो आणि पिशव्या गोळा करतो. पाळी चुकते, भांडणं होतात, कधी गोणी पुढे नाशिकला जाते आणि दुपारच्या बसने परत येते. त्या दिवशी मुलं आमटी-भात खातात. कावेरी हायस्कुलात गेली. दत्तूभाऊंच्या शेजारी आता दुसरी एक मुलगी बसते. ती कमी बोलते, पण भाजी नावडली तर ताट सरकवते आणि ते दत्तूभाऊंना पुरतं. मीराताई स्वयंपाक करतात. जेवण शाळेतच शिजतं, आणि ज्याची भाजी असते तो मुलांच्या ओळीत बसून ते खातो.